पीट ग्रे
पीट ग्रे (मूळ नाव पीटर वायश्नर, ६ मार्च १९१५ – ३० जून २००२) हे अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू होते. उजवा हात नसतानाही १९४५च्या हंगामात ते मेजर लीगमधील सेंट लुईस ब्राउन्स संघाकडून ७७ सामने खेळले. मैदानाच्या दूरच्या भागात क्षेत्ररक्षण करणारे ते आउटफिल्डर होते.

पूर्वायुष्य
पेनसिल्व्हेनिया राज्यातील नँटिकोक या कोळसा खाणींच्या गावी, लिथुआनियातून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणी गाडीवरून पडून उजवा हात चाकात सापडल्याने तो कोपराच्या वरून कापावा लागला. मुळात उजवे असलेले ग्रे त्यानंतर डाव्या हाताने खेळू लागले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न केला. पण एक हात नसल्याने त्यांना नाकारण्यात आले.

खेळण्याची पद्धत
झेल घेताच ग्रे ग्लोव्ह उजव्या दंडाच्या उरलेल्या भागाखाली दाबून हात मोकळा करीत, चेंडू छातीवरून घरंगळत डाव्या हातात घेत आणि फेकीत. ही सारी क्रिया क्षणार्धात होई. तरीही तेवढ्या अवधीत चपळ धावपटू एखादा बेस पुढे सरके.

कारकीर्द
१९४४ साली मेम्फिस संघाकडून खेळताना त्यांची फलंदाजीची सरासरी ०.३३३ होती. त्यांनी साठांहून अधिक बेस चोरले आणि सदर्न असोसिएशन या मायनर लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळवला. त्यामुळे ब्राउन्सनी केवळ गर्दी खेचण्यासाठी त्यांना घेतले, हे म्हणणे अर्धेच खरे ठरते. मात्र अनेक नामांकित खेळाडू युद्धावर गेले नसते, तर ही संधी त्यांना मिळणे कठीण होते, हेही तितकेच खरे.

मेजर लीगमध्ये त्यांनी २३४ अधिकृत संधींत ५१ यशस्वी फटके मारले. म्हणजे सरासरी ०.२१८. (क्रिकेटप्रमाणे धावांवरून नव्हे, तर यशस्वी फटक्यांना अशा संधींनी भागून ही सरासरी काढतात.) वेगवान चेंडू ते चांगले खेळत. परंतु एकदा फिरवलेली बॅट एका हाताने मध्येच आवरता येत नसे. गोलंदाजांनी हे हेरले आणि त्यांना वळणारे चेंडू टाकण्यास सुरुवात केली. असे असूनही त्या हंगामात ते केवळ ११ वेळा स्ट्राइकआउट झाले. आदल्या वर्षीचा अमेरिकन लीग विजेता असलेला ब्राउन्स संघ १९४५मध्ये तिसरा आला. त्याचा दोष काही सहकाऱ्यांनी ग्रे यांना दिला.

त्या काळात ते सैनिकी रुग्णालयांत जाऊन युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना भेटत असत.

उत्तरायुष्य
युद्ध संपून खेळाडू परतल्यावर १९४६ साली ग्रे पुन्हा मायनर लीगमध्ये गेले. टोलेडो, एल्मिरा आणि डॅलस येथील संघांकडून खेळून त्यांनी निवृत्ती घेतली. १९८६ साली त्यांच्या जीवनावर 'अ विनर नेव्हर क्विट्स' हा दूरचित्रवाणीपट आला. त्यात कीथ कॅरेडाइन यांनी ग्रे यांची भूमिका केली होती. निवृत्तीनंतर नँटिकोकला परतलेल्या ग्रे यांचे वयाच्या ८७ व्या वर्षी निधन झाले.