घडीचा चाकू : खिशातलं अवजार, मनातली भीती

 

आजच्या विषयाला निमित्त झालं एका वडिलांच्या पत्राचं. त्यांची मुलगी दिल्लीत नोकरीला आहे, रात्री उशिरा घरी परतते. त्यांनी विचारलं, "तुम्ही शस्त्रांच्या इतिहासावर बोलता, तर पर्समध्ये मावेल असा घडीचा चाकू कोणता घ्यावा ते सांगा. रोजच्या कामालाही होईल आणि वेळ आली तर संरक्षणालाही." प्रश्न साधा आहे, पण त्यात बापाचं काळीज आहे. म्हणून उत्तर घाईने द्यायचं नाही. आधी या वस्तूचा इतिहास पाहू. उत्तर त्यातच सापडेल.

सुरुवात शब्दापासून करू. 'सुरी' हा शब्द संस्कृत 'क्षुरिका'वरून आला. 'चाकू' मात्र फारसीच्या वाटेने आला, आणि तुर्की भाषेत त्याचाच भाऊबंद असलेला 'चाकी' हा शब्द आजही खिशातल्या घडीच्या चाकूलाच वापरतात. दरबारी लेखनिकांकडे 'कलमतराश' असायचा, म्हणजे कलम तासायचा छोटा चाकू. आपल्याकडे मोडीत दफ्तरं लिहिली गेली ती बोरूने, आणि बोरूचं टोक झिजलं की ते पुन्हा तासावं लागे. इंग्रजीत छोट्या चाकूला 'पेननाइफ' म्हणतात तेही याच कारणाने. तिकडे पिसाची लेखणी होती, इकडे बोरू, काम एकच. म्हणजे खिशातल्या चाकूची एक जुनी नोकरी कारकुनाकडची आहे, हे लक्षात ठेवा.

आता वस्तू किती जुनी? ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे हाडाची मूठ असलेला घडीचा चाकू सापडला आहे, तो इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं एक चांदीचं घडीचं अवजार आहे. त्यात पात्याबरोबर चमचा, काटा आणि टोचा आहे. हे प्रवासात जेवायचं सामान आहे.

घडी का घालायची? उत्तर सरळ आहे. उघडं पातं कमरेला लावायचं तर म्यान हवं. घडी घातली की मूठ हेच म्यान होतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. पातं आणि मूठ यांच्यामध्ये एक खीळ येते, आणि सगळा जोर त्या एका खिळीवर पडतो. घडीच्या चाकूचा सगळा इतिहास म्हणजे त्या एका सांध्याशी चाललेली झटापट आहे.

साध्या चाकूत पात्याच्या मागे स्प्रिंगची पट्टी असते. ती पातं धरून ठेवते, पण जोर लावला की पातं मिटतं. शेफील्डच्या कारागिरांनी आणि जर्मनीतल्या झोलिंगेनने असे चाकू जगभर पोचवले. फ्रान्समध्ये साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा स्वस्त चाकू काढला, तो शेतकऱ्याच्या खिशात जाऊन बसला. भाकरी कापा, चीज कापा, फांदी तासा. पण पातं बोटांवर मिटायचा धोका त्यातही होता. तो टाळायला १९५५ मध्ये त्यावर फिरणारी धातूची कडी बसवली. कडी फिरवली की पातं पक्कं. म्हणजे ज्या चाकूने साठ-पासष्ट वर्षं फक्त भाकरी कापली, त्यालाही खटक्याची गरज भासली, ती वापरणाऱ्याची बोटं वाचवायला.

स्वित्झर्लंडची गोष्टही तशीच. तिथल्या सैन्याला जवानासाठी घडीचा चाकू हवा होता. कशासाठी? डबाबंद अन्न उघडायला आणि नवी रायफल खोलायला. पहिले चाकू जर्मनीतून बनवून घ्यावे लागले, कारण देशात तेवढी क्षमता नव्हती. १८९१ मध्ये कार्ल एल्सनर हे काम देशात करू लागला, आणि १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठीचा चाकू नोंदवला. तोच पुढे लाल मुठीचा 'स्विस चाकू' म्हणून जगभर गेला. विचार करा, जगातला सर्वांत प्रसिद्ध लष्करी चाकू, आणि त्यात डबा उघडायचं पातं आणि पेचकस!

मग घडीचा चाकू शस्त्र झाला कुठे? दोन ठिकाणं पाहू.

पहिलं स्पेन. अठराव्या शतकात तिथल्या राजवटीने सामान्य माणसाने शस्त्र बाळगण्यावर वारंवार बंदी घातली. मग लोकांनी घडीचा मोठा चाकू खिशात टाकला. त्याचं नाव 'नाव्हाखा'. त्यातल्या काहींच्या पात्याच्या मुळाशी दाते असायचे. उघडताना करकर आवाज यायचा. १८४९ मध्ये माद्रिदला नाव्हाखाने कसं लढावं याचं पुस्तकही निघालं. जुगारी आणि गुंड यांच्या दुनियेतलं ते पुस्तक होतं.

दुसरं ठिकाण आपलं रामपूर. उत्तर प्रदेशातलं हे जुनं नबाबी संस्थान. तिथल्या कारागिरांनी घडवलेला लांब पात्याचा चाकू म्हणजे रामपुरी. त्यातही गरारीदार, म्हणजे दात्यांचा प्रकार आहे, आणि बटणदारही आहे. दात्यांचं मूळ काम यांत्रिक होतं, पातं टप्प्याटप्प्याने धरून ठेवायचं. पण त्या 'कट् कट् कट्' आवाजाला वेगळाच भाव आला. मुंबईच्या हिंदी सिनेमाने तो आवाज देशभर पोचवला. १९६५ च्या 'वक्त'मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. पडद्यावर चाकू उघडला की समोरचा मागे सरायचा. एक नीट पाहा, त्या आवाजाचं काम भोसकण्याचं नव्हतं, घाबरवण्याचं होतं. पुढे लांब पात्यांवर सरकारी बंधनं आली, सिनेमातल्या गुंडाच्या हाती पिस्तूल आलं, आणि रामपूरचा धंदा आटला. आज त्या शहरातल्या चौकात सुमारे सहा मीटर लांबीचा चाकू उभा आहे. बाजारातली वस्तू स्मारक झाली.

आता आपल्या घरात या. मराठ्यांच्या शस्त्रागारात लपवून न्यायची शस्त्रं कमी नव्हती. बिचवा होता, वाघनख होतं, कट्यार होती. यातलं एकही घडीचं नाही. का? कारण ज्याला खरोखर जिवावरचा प्रसंग माहीत होता, त्याने सांध्यावर भरवसा ठेवला नाही. वाघनख तर बोटांत अडकवायचं, म्हणजे उघडायलाही नको आणि हातातून सुटायलाही नको.

आणि प्रतापगड आठवा, १० नोव्हेंबर १६५९. आपल्याला वाघनख आठवतं, बिचवा आठवतो. पण अंगरख्याखालचं चिलखत आठवतं का? मुंडाशाखालचा शिरटोप? जावळीच्या रानात दबा धरून बसलेली फौज, गडावरून तोफेचा इशारा, भेटीची जागा स्वतः निवडणं? शस्त्र हा त्या दिवसाचा शेवटचा भाग होता. त्याआधीचं सगळं होतं तयारी, माहिती आणि सोबत. आपण वाघनखाची पूजा करतो आणि चिलखत विसरतो.

आता त्या वडिलांकडे वळू. आधी कायदा. १८७८ मध्ये लिटनच्या काळात इंग्रजांनी शस्त्रकायदा आणला, स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा केला. त्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत धरली आहेत. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठीची अवजारं त्यातून वगळली आहेत. अनेकांना वाटतं, ९ इंचांच्या आत असलं की झालं. तसं नाही. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणदार, गरारीदार आणि स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकूंवर वेगळी मर्यादा आहे. पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असेल तर तो बाळगणं गुन्हा ठरू शकतो. म्हणजे जवळजवळ तीन इंच. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश निघतात, तेव्हा शस्त्रं बाळगण्यावर बंदी येते. वडिलांनी प्रेमाने दिलेली वस्तू मुलीला चौकीत नेऊ शकते.

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र प्रत्येकाला आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो दिला आहे, जुन्या दंडविधानात तो ९६ ते १०६ मध्ये होता. अट अशी की इजा गरजेपुरतीच करायची, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर ती घ्यायची.

आता व्यवहार. अंधारात, घाबरलेल्या हाताने पर्सची चेन उघडायची, चाकू शोधायचा, नख अडकवून पातं काढायचं, खटका बसला का ते पाहायचं. एवढा वेळ हल्लेखोर देत नाही. आणि साध्या स्प्रिंगचा चाकू टोचायला गेलं की आपल्याच बोटांवर मिटतो. चाकू चालवायला समोरच्याच्या हाताच्या पल्ल्यात जावं लागतं. तिथे तो हिसकावलाही जातो. रामपुरीचा धाक पडद्यावर चालायचा, कारण समोरचा नट मागे सरायला बांधील होता.

म्हणून माझं उत्तर असं. चाकू जरूर घ्या, पण अवजार म्हणून. पातं अडीच इंचांच्या आसपास, बटण नको, उडती स्प्रिंग नको. बोटं वाचवणारा खटका किंवा कडी असावी. पोलाद न गंजणारं, खीळ न हलणारी. उघडून पातं डावीउजवीकडे हलवून पाहा, खुळखुळलं तर परत ठेवा. फळ कापा, दोरी कापा, पार्सल उघडा. विमानात हातातल्या सामानात ठेवू नका.

आणि संरक्षणासाठी मुलीला चिलखत द्या. येण्याचा रस्ता ठरलेला, फोनवर चालू ठिकाण घरच्यांना दिसणारं, ११२ क्रमांक लगेच लावता येणारा, जोरात वाजणारी शिट्टी, ऑफिसच्या गाडीसाठी भांडायची तयारी, आणि ओरडायला व पळायला न लाजण्याची सवय. यातलं काहीच सिनेमात शोभत नाही. पण १६५९ मध्येही शोभेचा भाग शेवटीच होता.

बाबा, तुम्ही चाकू विचारलात, कारण दूरच्या शहरात तुमचा हात पोचत नाही. तो हात चाकूने लांब होत नाही. रोज रात्री "पोचलीस का?" हा फोन मात्र पोचतो. तो करत राहा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.