मुठीतली कळ

न्यू जर्सीत पस्तीस वर्षे काढली, पण बंदुकांच्या दुकानात पाऊल टाकले ते निवृत्त झाल्यावरच, आणि तेही शेजाऱ्यामुळे. आमचा शेजारी राज्य पोलिसांतला निवृत्त ट्रूपर. त्याच्याबरोबर रेंजवर जाऊ लागलो आणि या वयात नेमबाजीचा नाद लागला. पुण्यात कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये .२२ रायफल चालवली होती, तेवढीच काय ती पूर्वपुण्याई.

दुकानातल्या काचेच्या कपाटात एक जुने पिस्तूल होते. काळा रंग कडांना उडालेला, सोबत चामड्याचे होल्स्टर आणि दोन मॅगझिन. चिठ्ठीवर लिहिले होते, ‘जर्मन पोलीस, वापरलेले’. मी उचलून पाहिले तर मुठीच्या पुढच्या बाजूला, बोटे जिथे विसावतात तिथे, उभीच्या उभी एक कळ! दाबली तर ‘खट्’, सोडली तर पुन्हा ‘खट्’. अंगठ्याने फिरवायची सेफ्टी कुठेच दिसेना. दुकानदार म्हणाला, “तीच सेफ्टी.” मी डावखुरा. लहानपणी प्रसादाला डावा हात पुढे केला की आजी टपली मारायची, आणि इथे आल्यावर कात्रीपासून कॅन ओपनरपर्यंत सगळ्यांनी तेच केले. हे पिस्तूल मात्र डाव्या हातात तसेच बसले जसे उजव्या हातात बसेल. घ्यावे की न घ्यावे, हा किडा तिथेच डोक्यात शिरला.

सौ.चे मत एका वाक्यात आले : “नातू दर शनिवारी येतो, हे लक्षात आहे ना?” त्यावर मी लगेच उत्तर दिले नाही. आधी ही वस्तू काय आहे, कुणी केली, का केली, ते वाचायला घेतले. त्यात हिवाळा गेला.

या पिस्तुलाचे नाव पी ७. बनवणारी हेकलर अँड कॉख ही कंपनी नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावची. माउझर बंदुकांचा प्रसिद्ध कारखाना याच गावात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात आला आणि कारखाना मोडीत निघाला. तिथलेच तीन अभियंते, हेकलर, कॉख आणि झायडेल, यांनी १९४९ मध्ये नवा संसार मांडला. सुरुवातीला हत्यारे नव्हेत, तर अवजारे आणि शिवणयंत्रांचे भाग बनवले. बंदुका पुढे आल्या.

पण पी ७ ची खरी जन्मकथा म्युनिकपासून सुरू होते. ५ सप्टेंबर १९७२ च्या पहाटे ब्लॅक सप्टेंबर संघटनेचे आठ जण ऑलिम्पिक ग्राममध्ये घुसले. इस्रायली पथकातल्या दोघांना त्यांनी ठार केले आणि नऊ जणांना ओलीस धरले. त्या रात्री फुर्स्टेनफेल्डब्रुकच्या विमानतळावर सुटकेचा प्रयत्न झाला. आठ हल्लेखोरांसाठी नेमबाज फक्त पाच, आणि त्यांच्यात आपसात बोलायला रेडिओसुद्धा नाहीत. नऊही ओलीस मारले गेले, एक बव्हेरियन पोलीसही. म्हणजे इस्रायली पथकातले एकूण ११ जण गेले. हा पराभव पिस्तुलामुळे झाला नव्हता, हे सांगायला हवे. तो तयारीचा पराभव होता. पण त्यानंतर पश्चिम जर्मनीने आपल्या पोलिसांकडे नव्याने पाहिले. त्याच महिन्यात जीएसजी ९ या विशेष पथकाची स्थापना झाली. (१९८४ मध्ये आपले एन.एस.जी. उभे राहिले तेव्हा समोर ठेवलेल्या नमुन्यांत हे पथक होते.) हे वाचताना मला २००८ ची मुंबई आठवत होती. तुकाराम ओंबळे यांनी लाठीच्या बळावर कसाबला पकडले आणि प्राण दिले. त्यानंतर महाराष्ट्राने फोर्स वन उभारले. शस्त्रे अपुरी आहेत हे सरकारांना आधी कळत नाही, ते कुणाच्या तरी जिवावर कळते.

तेव्हाच्या जर्मन पोलिसांकडे मुख्यतः वॉल्थर पीपी जातीची ७.६५ मि.मी.ची लहान पिस्तुले होती. सत्तरच्या दशकात रेड आर्मी फॅक्शनचे सशस्त्र तरुण रस्त्यावर पोलिसांवर गोळ्या झाडू लागले तेव्हा ती अगदीच तोकडी वाटू लागली. मग नव्या पिस्तुलाच्या अटी ठरल्या. काडतूस ९ मि.मी.चे, वजन किलोच्या आत, आयुष्य किमान १०,००० गोळ्यांचे, दोन्ही हातांना चालणारे. आणि सगळ्यात अवघड अट अशी की हाताने फिरवायची सेफ्टी नको. घाबरलेला पोलीस सेफ्टी काढायला विसरतो आणि मरतो. म्हणून पिस्तूल उपसताच ते झाडण्यास तयार हवे, पण खाली पडले तर उडता कामा नये.

या कोड्याला तीन उत्तरे आली. वॉल्थरचे पी ५ आणि सिगचे पी ६ यांनी जुनाच तोडगा सुधारून घेतला : पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड, पुढच्या गोळ्यांना हलका. हेकलर अँड कॉखच्या हेल्मुट वेल्डल यांनी मात्र प्रश्नच उलटा केला. सेफ्टी वेगळी ठेवायचीच कशाला? पिस्तूल हातात घट्ट धरले तर ते तयार, सैल सोडले तर निर्जीव. मुठीतली ती कळ दाबायला सुमारे ७ किलोचा जोर लागतो, पण एकदा दाबली की धरून ठेवायला किलोभरही नको. दाबताच आतली स्प्रिंग ताणली जाते आणि स्लाइडच्या मागून एक बारीक टोक बाहेर येते. अंधारात अंगठ्याने चाचपले तरी पिस्तूल तयार आहे की नाही ते कळते. चाप प्रत्येक गोळीला सारखाच, हलका आणि आखूड. हात निसटला, पिस्तूल जमिनीवर पडले, तर पडतानाच ते शांत होते.

आतली आणखी एक गंमत मला फार आवडली. गोळी झाडल्यावर तिच्या मागचा थोडा वायू एका बारीक छिद्रातून नळीखालच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि दट्ट्याला रेटून स्लाइडला क्षणभर मागे येऊ देत नाही. ही कल्पना महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीने म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या हाती द्यायला घाईघाईने बनवलेल्या स्वस्त रायफलीतली, गुस्टलॉफ कारखान्याच्या बार्निट्स्के यांची. तीच पुढे तिघांतल्या सर्वांत महागड्या पोलिसी पिस्तुलात आली. नळी जागची हलत नाही, म्हणून नेम सुरेख. पण वायू गरम असतो, त्यामुळे तीनचार मॅगझिन लागोपाठ झाडली की चापाच्या वरचा भाग चटका देतो. शिवाय नुसत्या शिशाच्या गोळ्या चालत नाहीत, ते छिद्र बुजते.

जर्मनीत पोलीस हा राज्यांचा विषय, त्यामुळे कुणी पी ५ घेतले, कुणी पी ६. बव्हेरियाने, म्हणजे ज्यांच्या अंगणात म्युनिक घडले त्यांनी, पी ७ घेतले; लोअर सॅक्सनीने आणि जीएसजी ९ नेही. अमेरिकेसाठी मॅगझिनचा खटका मुठीच्या तळाऐवजी चापाजवळ आणून पी ७ एम ८ निघाले, आणि १९८० च्या दशकात ते आमच्या न्यू जर्सीच्या राज्य पोलिसांच्या कमरेला लागले. (‘डाय हार्ड’मधल्या खलनायकाच्या हातात याचेच मोठे भावंड आहे, हे मुलाने सांगितले. त्याला तेवढाच इतिहास माहीत!) पुढे दोन्हीकडच्या पोलिसांनी हे पिस्तूल सोडले, उत्पादनही २००० च्या दशकात थांबले, आणि जर्मन पोलिसांनी काढून टाकलेले नग इथल्या दुकानांत येऊ लागले. आमच्या नगावर ‘आयसी’ अशी दोन अक्षरे होती. ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, असे मोजत गेले की ८२. म्हणजे १९८२ चे. शेजारी हरणाच्या शिंगाची छोटी खूण, उल्मच्या चाचणी केंद्राची. मी इथे येण्याच्याही आधीपासून ते कुणाच्या तरी कमरेला होते.

भारतात मला हे मिळालेच नसते. ९ मि.मी. हा आपल्याकडे सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअर. इथे नगरपालिकेच्या पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे आणि प्रत्येक पिस्तुलाला वेगळा परवाना. परवाना आला. खंडेनवमीला पाटावर विळी, पेनचाकू आणि लॅपटॉप मांडतो, तिथे यंदा खरे शस्त्र असेल, असा पोरकट विचारही मनात येऊन गेला.

शेजाऱ्याला विचारले. त्याने नोकरीत पी ७ एम ८ वापरले होते आणि अजून त्याच्याबद्दल प्रेमाने बोलतो. पण तो म्हणाला, “दचकलास की तू काय करतोस? मूठ आवळतोस. याच्यात मूठ आवळली की ते तयार होते. मग चापावर बोट असेल तर संपलेच. आम्हाला शिकवताना सगळा वेळ बोट बाहेर ठेवण्यातच जायचा.” मी रेंजवर त्याच्या देखरेखीखाली रिकाम्या पिस्तुलाची कळ शंभरदा दाबली. ऐंशीव्या वेळेपर्यंत बोटे दुखू लागली, आणि दोनदा माझेच बोट नकळत आत गेले होते. त्याने काही न बोलता ते बाहेर काढले.

दुकानदाराचे एक वाक्य मला सुरुवातीला फार पटले होते : लहान मुलाच्या हाताला ही कळ दाबतच नाही. घरी आल्यावर नातवाचा खेळ पाहिला. सात वर्षांचा आहे. लोणच्याच्या बरणीचे झाकण एका हाताने निघाले नाही तर तो बरणी पोटाशी धरतो आणि दोन्ही हात लावतो. वेल्डल यांनी हे यंत्र एका प्रौढ, शिकवलेल्या, रोज सराव करणाऱ्या हातासाठी केले होते. त्या हाताची सवय हाच त्यातला निम्मा भाग होता, आणि तो काही होल्स्टरबरोबर विकत मिळत नव्हता. माझ्याकडे महिन्यातून एक शनिवार, तोही नातू नसेल तेव्हाचा. सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण, हेही होतेच, पण ते निमित्त झाले.

परवान्याची मुदत ९० दिवस असते. माझी संपली, मी वाढवून घेतली नाही. त्याआधीच कुणीतरी ते पिस्तूल नेले होते, होल्स्टरसकट. रेंजवर मी अजून जातो, शेजाऱ्याची .२२ घेऊन.