काशीचा मराठी काठ

काशीला जाणाऱ्या प्रवाशाला सगळे जाणते लोक पहाटेच्या नौकाविहाराची शिफारस करतात, आणि त्यात तथ्यही आहे. कारण गंगा येथे उत्तरवाहिनी असून सारे शहर तिच्या पश्चिम काठावर पूर्वेकडे तोंड करून बसलेले आहे, त्यामुळे सूर्योदयाचे पहिले किरण थेट घाटांच्या पायऱ्यांवर पडतात. परंतु ज्याला या काठाचा इतिहास वाचायचा आहे त्याने संध्याकाळ निवडावी, आणि शक्य तर कार्तिकातली निवडावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. सायंकाळी सूर्य शहराच्या पाठीमागे उतरतो, भिंतींवरचे भडक रंग आणि जाहिरातींची अक्षरे छायेत बुडून जातात आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर उरते ती केवळ बांधकामाची कड: अष्टकोनी बुरूज, पुढे झुकलेले सज्जे, शिखरांचे कळस आणि त्यांच्यामध्ये उंच, जवळजवळ निर्गवाक्ष अशा किल्लेवजा भिंती. ही कड कोणी रचली आणि कोणत्या द्रव्यावर रचली, हा प्रश्न अस्सी घाटावर नावेत बसून प्रवाहाबरोबर राजघाटाच्या पुलाकडे निघालेल्या मराठी माणसाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

काशी पुराणप्रसिद्ध आहे, म्हणून तिचा हा पाषाणमय काठही तितकाच प्राचीन असावा असे आपण सहज गृहीत धरतो. वस्तुतः आज डोळ्यांसमोरून सरकणारे बहुतेक बांधीव घाट अठराव्या शतकातले आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धातले आहेत. त्याआधी या काठावर मानमंदिरासारखे राजपूत राजांचे मोजके वाडे सोडले तर बहुतांशी मातीचा उतारच होता. त्या उताराचे पायऱ्यांत रूपांतर करण्यात सर्वांत मोठा वाटा पेशवे, होळकर, शिंदे, नागपूरकर भोसले आणि त्यांचे कारभारी यांचा आहे. आणि विशेष हे की ज्या नगरीवर त्यांनी एवढे द्रव्य ओतले तिच्यावर मराठ्यांचा अंमल एक दिवसही बसला नाही.

ती मिळावी यासाठी प्रयत्न मात्र पुष्कळ झाले. 1735 साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या तेव्हा वाटेतल्या राजेरजवाड्यांनी त्यांची बडदास्त ठेवली, तिच्यात मराठ्यांच्या वाढत्या दबदब्याचाही भाग होताच. परंतु काशीची सनद ही निराळी गोष्ट होती. नगरी अयोध्येच्या नबाबाच्या सुभ्यात, प्रत्यक्ष कारभार बलवंतसिंह राजाकडे, आणि नबाब हा बादशाही वजिरीचा मानकरी, अशी तिहेरी गुंतागुंत होती. नानासाहेब पेशव्यांनी काशी, प्रयाग आणि अयोध्या ही तीर्थे शुजाउद्दौल्याकडून कसेही करून मिळवावीत असे 1759 साली दत्ताजी शिंद्यांना लिहिले. पुढच्याच वर्षी दत्ताजी बुराडीच्या घाटावर पडले, आणि 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर त्या मनसुब्याचाही निकाल लागला. 1775 साली नबाबाने बनारसचा मुलूख कंपनीच्या हवाली केला. म्हणजे मराठ्यांनी जे काही बांधले ते आधी नबाबाच्या व मागाहून इंग्रजांच्या अमलात, परक्या जमिनीवर, वकील आणि सावकार यांच्या मध्यस्थीने बांधले. मला या काठाचे खरे महत्त्व येथेच वाटते. सत्तेने मिळवलेल्या ठिकाणी इमारती उठवणारे राज्यकर्ते इतिहासात पैशाला पासरी सापडतील. जेथे आपला अधिकार चालत नाही तेथे पिढ्यानुपिढ्या बांधीत राहणारे फार थोडे.

नाव अस्सीहून सुटली की डाव्या हाताला भदैनी लागते. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा तैनात घेऊन काशीत येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या मनकर्णिका येथेच जन्मली आणि पुढे झाशीची राणी झाली. थोडे पुढे चेतसिंहाचा शिवाल्याचा वाडा. ऑगस्ट 1781 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने या राजाला त्याच्याच वाड्यात नजरकैद केले, तेव्हा शहरात दंगल उसळली, शिपाई कापले गेले आणि राजा पागोटी एकमेकांना बांधून त्यांच्या आधाराने नदीकडच्या खिडकीतून खाली उतरला, ही हकीगत नावाडी आजही खिडकीकडे बोट करून सांगतात. मात्र तो पळून शेवटी कोठे गेला हे ते सहसा सांगत नाहीत: तो ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांच्या आश्रयाला गेला, तेथे त्याला जहागीर मिळाली आणि 1810 साली तेथेच त्याचा अंत झाला.

मराठी रुपया काशीला येण्यापूर्वी कितीतरी आधी मराठी विद्या येथे आली होती, हे सांगितल्याशिवाय घाटांची कथा अर्धीच राहील. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीत येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट हे आपल्या काळात काशीच्या पंडितवर्गाचे अग्रणी होते, आणि अकबराच्या कारकिर्दीत विश्वनाथाच्या मंदिराची जी पुनर्बांधणी झाली तिच्याशी त्यांचे नाव निगडित आहे. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनी 1612 साली ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला, आणि त्यानंतर महाराष्ट्रात श्राद्ध, व्रत, सोयरसुतक यांविषयी शंका निघाली की शास्त्री तोच ग्रंथ उघडू लागले. नारायणभट्टांचे पणतू विश्वेश्वर, म्हणजेच गागाभट्ट, 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवछत्रपतींच्या अभिषेकाला पुरोहित होते. पैठणच्याच एकनाथांनी आपले भागवत शके 1495 मध्ये येथेच समाप्तीस नेले. तेव्हा अठराव्या शतकात होळकर-शिंद्यांचे कारकून हुंड्या घेऊन आले ते अनोळखी गावी आले नव्हते.

राणामहालाच्या पुढे मुन्शी घाट येतो, आणि येथे नावाड्याला नाव काठाशी लावायला सांगावी. नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण मुन्शी यांनी 1812 साली हा उठवला; पुढे 1915 मध्ये त्याचा एक भाग दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला, म्हणून तो आता दोन नावांनी ओळखला जातो. पायरीवर उतरून भिंतीला हात लावला की चुनारच्या दगडाचा पोत कळतो: बदामी रंगाचा, बारीक कणांचा वालुकाश्म, त्यावर टाकीचे समांतर घाव, आणि पुरुषभर उंचीपर्यंत पुराच्या पाण्याने झिजवून गुळगुळीत केलेला. चुनारच्या खाणी प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहेत, त्यामुळे दगडाची रवानगी नावांतून, प्रवाहाच्याच बळावर होऊ शकली. गंगा उलट दिशेने वाहत असती तर एवढा पाषाण येथे कोणाला परवडला असता, असा विचार मनात येतो. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांचा भार पेलण्यासाठी मधूनमधून अष्टकोनी बुरूज पुढे काढले आहेत. त्यांच्यावर दिवसा छत्र्या लावून घाटिये बसतात, पण त्यांचे मूळ काम पावसाळ्यातल्या लोंढ्याशी झुंजण्याचे आहे. वरच्या भिंती इतक्या निर्गवाक्ष का, हेही वार्षिक पूर पाहिलेल्याला विचारावे लागत नाही. 1978 साली गंगा 73.9 मीटरवर चढली होती, म्हणजे धोक्याच्या रेषेच्याही अडीच मीटरहून अधिक वर.

मुन्शी घाटाला लागूनच अहिल्याबाईंचा घाट. या बाईंच्या कार्याविषयी लिहिताना लेखणी आवरती घेण्याचे मला कारण दिसत नाही. विश्वनाथाचे प्राचीन स्थान 1669 साली औरंगजेबाच्या हुकुमाने पाडले गेले होते. त्याच्या शेजारी आजचे मंदिर 1780 च्या सुमारास उभे राहिले ते अहिल्याबाईंच्या द्रव्याने. मणिकर्णिकेचा घाट त्यांनी बांधवला, आणि हा खर्च राज्याच्या वसुलातून न करता त्यांनी होळकरांच्या खासगी दौलतीतून केला, ज्याचा हिशेब त्या स्वतः पाहात. सैन्याचा तनखा आणि तीर्थांचा धर्मादाय यांची गल्लत होऊ न देणारा हा बंदोबस्त पाहिला म्हणजे त्या काळच्या एखाद्या मुत्सद्द्यानेही त्यांच्यापुढे नम्र व्हावे असे वाटते. त्यानंतर विश्वनाथाच्या द्वाराशी नौबतखाना आला, आणि त्यावरचा लेख मोठा उद्बोधक आहे: हेस्टिंग्जच्या आज्ञेने, बनारसचे न्यायाधीश अली इब्राहीम खान यांनी तो 1785 साली बांधवला. मराठा राणीचे देऊळ, इंग्रजाचा हुकूम, मुसलमान हाकिमाची देखरेख आणि त्यावर झडणारी शिवाची नौबत, असे हे अठराव्या शतकाचे बनारस होते.

दशाश्वमेधावर, जो बांधीव रूपात आणण्याचा मान पेशव्यांना दिला जातो, एव्हाना आरतीची गर्दी दाटलेली असते. सात-सात पुजारी एका लयीत मोठमोठ्या दीपमाळा फिरवतात तो सोहळा भव्य आहे. परंतु या थाटाची सुरुवात गेल्या तीन-चार दशकांतली आहे. जुन्या काळच्या यात्रेकरूची संध्या स्नान, दान आणि कथाश्रवण यांत जाई. तेव्हा आरतीपाशी थोडे थांबून, हात जोडून, नाव पुढे न्यावी हे बरे.

मणिकर्णिकेच्या चिता ओलांडल्या की शिंदे घाटाशी पाण्यात कललेले रत्नेश्वराचे शिखर दिसते, ज्याचा गाभारा वर्षातले कित्येक महिने पाण्याने आणि गाळाने भरलेला असतो. हा घाट दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी 1830 साली बांधवला, आणि तो इतका वजनदार झाला की खालच्या गाळात खचला. विसाव्या शतकात शिंद्यांच्याच घराण्याला तो पुन्हा उभारावा लागला. बायजाबाईंचे दुसरे काम मात्र टिकले: ज्ञानवापीच्या विहिरीवरचा स्तंभमंडप त्यांनी 1828 साली उभारला, तो अजून उभा आहे. लष्करी सामर्थ्य 1803 च्या युद्धात आणि उरलेसुरले 1818 मध्ये नष्ट झाल्यावरही ही कामे चालूच राहिली, याकडे लक्ष द्यावे. पुढचा गणेश घाट अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र सालीना सात लाखांची तैनात घेऊन इंग्रजांच्या छायेत गेले, आणि त्याबद्दल इतिहासकारांनी त्यांना दोष दिला तो रास्तच आहे. पण काशीत त्यांनी घाट बांधले, अन्नछत्र घातले, आणि तेथे जेवून उठलेल्यांच्या तोंडी त्यांचे नाव निराळ्या रीतीने राहिले असेल.

पंचगंगेवर पोचेपर्यंत अंधार पडतो, आणि कार्तिकाचा आग्रह मी का धरला ते येथे दिसते. घाटाच्या वरच्या टप्प्यावर उंच बांबू उभे केलेले असतात. प्रत्येकाच्या शेंड्याशी वेताची छोटी टोपली, तिच्यात पणती, आणि ती वर चढवण्यासाठी दोरी. पणती पेटवून टोपली दोरीने सावकाश वर ओढायची, वारा असेल तर मध्येच थांबायचे, ज्योत स्थिरावली की पुन्हा ओढायचे, असे एकेक करून पितरांच्या वाटेसाठी आकाशदीप लागतात. जवळच अहिल्याबाईंची दगडी दीपमाळ आहे. वर आलमगिरी मशिदीची भिंत दिसते, ती जेथे उभी आहे तेथले बिंदुमाधवाचे भव्य मंदिर फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने 1665 साली पाहिले होते. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी माधवाला शेजारी नवे देऊळ दिले. त्या मशिदीचे मिनार ढासळू लागले तेव्हा ते सावरण्याचे काम बनारसच्या टांकसाळीत नाणी पारखणाऱ्या जेम्स प्रिन्सेप या तरुण इंग्रजाने केले, ज्याने पुढे अशोकाची ब्राह्मी लिपी उलगडली. याच परिसरातल्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खान तासन् तास शहनाईचा रियाज करीत.

दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट हा मराठी वस्तीचा गाभा. पेशव्यांच्या घरी गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर येथे येऊन राहिले आणि त्यांच्या वंशजांनी सावकारी आणि वार्ता या दोन्ही बाबतींत पुण्याची सेवा केली. पेशवे दफ्तरातली त्यांची पत्रे वाचली म्हणजे कोणाचे सैन्य कोठे उतरले, हुंडी केव्हा पटली, अशा बातम्यांबरोबर घाटाचे काम कितपत आले हेही कळते. याच समाजात 1883 साली जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर हे हिंदी वृत्तपत्रसृष्टीचे एक निर्माते ठरले. महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांच्या पिढ्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत नोंदलेल्या असत. जुन्या नोंदी मोडीत, गाव, कुळ, बरोबरची माणसे, कशासाठी आले, अशा क्रमाने.

राजघाटचा पूल येथून दृष्टिपथात येतो आणि नाव परतते, पण यात्रेकरूची यात्रा येथे संपत नसे. प्रयाग आणि काशीनंतर त्रिस्थळीतली गया राहिलेली असे, आणि तिकडच्या वाटेवर कर्मनाशा आडवी येई, जिच्या पाण्याचा नुसता स्पर्श झाला तरी काशीचे सारे पुण्य जाते अशी दृढ समजूत होती. लोक पैसे देऊन नदीपारच्या गरिबांच्या खांद्यावरून पलीकडे जात. नाना फडणिसांनी तेथे पूल घालायला घेतला. पात्रातल्या वाळूने पायाच टिकेना, आणि नानांच्या हयातीत काम तसेच राहिले. पुढे बनारसचे राजा पटनीमल यांनी द्रव्य दिले, प्रिन्सेपने आराखडा केला आणि 1831 साली पूल तयार झाला. नानांना जाऊन तेव्हा एकतीस वर्षे झाली होती, आणि गयेला पिंड घेऊन निघालेली कोकणातली, वऱ्हाडातली माणसे त्यावरून कोरड्या पायांनी पलीकडे जाऊ लागली.