जळणाऱ्या सर्किटची गोष्ट

शनिवारी रात्री घरचे सगळे झोपल्यावर दिवे मालवले, हेडफोन कानाला लावले आणि १९५६ सालचा 'फॉरबिडन प्लॅनेट' पुन्हा एकदा पाहिला. खरं म्हणजे 'ऐकला' म्हणायला हवं. कथा आता जुनाट वाटते, यंत्रमानव बघून हसू येतं, पण आवाज? मध्येच उठून बाल्कनीचं दार नीट लागलंय ना ते बघून आलो, यातच काय ते समजा.

आधी थोडक्यात कथा. अल्टेर-४ नावाच्या ग्रहावर डॉ. मॉर्बियस आपल्या मुलीबरोबर राहतोय. त्याच्याबरोबर आलेले बाकीचे लोक केव्हाच मेलेत. कुठल्यातरी अदृश्य शक्तीने त्यांना फाडून टाकलंय. त्या ग्रहावर पूर्वी क्रेल नावाची महाप्रगत जमात होती. मनातला विचार थेट प्रत्यक्षात उतरवणारं यंत्र त्यांनी बांधलं आणि एका रात्रीत ती अख्खी जमात नष्ट झाली. का? तर यंत्राला फक्त शहाणे विचार कळत नव्हते, मनाच्या तळघरातला राग आणि द्वेषही कळत होता. आता पृथ्वीवरून आलेल्या यानावर रात्री जो अदृश्य राक्षस हल्ला करतोय, तो मॉर्बियसच्याच मनातून निघालाय.

आता मजा बघा. राक्षस अदृश्य आहे. वाळूत पावलं उमटतात, यानाच्या जिन्याच्या पायऱ्या वजनाने वाकतात, बस्स. मग प्रेक्षकाला घाबरवायचं कशाने? आवाजाने! आणि तो आवाज व्हायोलिनचा नाही, ड्रमचा नाही, कुठल्याच वाद्याचा नाही. संपूर्ण इलेक्ट्रॉनिक संगीत असलेला हा पहिला व्यावसायिक कथापट मानला जातो. तो आवाज केला न्यूयॉर्कमधल्या एका नवरा-बायकोने, लुई आणि बीबी बॅरन यांनी.

दोघांचं लग्न १९४७ सालचं. लग्नात भेट म्हणून टेपरेकॉर्डर मिळाला. त्या काळी ही वस्तू अमेरिकेतसुद्धा कोणाच्या घरात नसायची. ग्रीनिच व्हिलेजमध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनरचं 'सायबरनेटिक्स' हे पुस्तक आलं. प्राणी आणि यंत्र दोघंही फीडबॅकवर चालतात, असा त्याचा साधारण विषय. आपण अभियंते असं पुस्तक वाचतो, दोन दिवस भारावतो आणि विसरतो. लुईने त्यावरून सर्किटं बनवायला घेतली!

ही सर्किटं रेडिओतल्यासारख्या व्हॉल्व्हची. पण लुई त्यांना मुद्दाम सोसणार नाही इतकी वीज द्यायचा. सर्किट किंचाळायचं, गुरगुरायचं, धापा टाकायचं आणि शेवटी जळून जायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी एकदा कपॅसिटर उलटा जोडून उडवला होता आणि सरांची बोलणी खाल्ली होती. इथे तेच काम कला म्हणून चाललेलं! सर्किट मरेपर्यंतचे सगळे आवाज टेपवर घेतले जायचे. मग बीबी तासन् तास त्या टेपा ऐकायची आणि त्यातून कामाचे तुकडे निवडायची. टेप हळू फिरव, उलटी फिरव, कापून चिकटव, प्रतिध्वनी चढव, हे सगळं हाताने. आज आपण एका बटणावर 'अनडू' करतो, इथे एकदा मेलेलं सर्किट पुन्हा तसं कधीच बोलत नसे.

हीच मला या कामातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. त्यांनी कथेतल्या वेगवेगळ्या कल्पनांसाठी वेगवेगळी सर्किटं बनवली होती. म्हणजे आपल्याकडे नाटकात एकेका पात्राची एकेक चाल असते ना, तसं. फरक इतकाच की इथे 'नट' खरोखर मरत होता. शेवटी मॉर्बियस स्वतःचाच राक्षस ओळखतो आणि दोघं एकत्र संपतात, तेव्हा ऐकू येणारं ते विझत जाणं कोणी वाजवलेलं नाही, ते घडलेलं आहे. आपल्या कानाला ते कळतं. हा आवाज यंत्राचा की जिवाचा हे ठरवता येत नाही, आणि भीती नेमकी तिथेच बसते. सिनेमातही मॉर्बियस क्रेल लोकांचं प्राचीन संगीत ऐकवतो. तेव्हा पार्श्वसंगीत कुठे संपलं आणि ग्रहाचा आवाज कुठे सुरू झाला, सांगा बरं!

आता दुसरी बाजू. याआधी, १९५२ मध्ये, जॉन केज या संगीतकाराच्या 'विल्यम्स मिक्स' या टेपच्या रचनेसाठी दोघांनी ढोरमेहनत केली होती. आपण करतोय ते संगीतच आहे, हा विश्वास त्यांना केजने दिला. आणि चारच वर्षांनी हॉलिवूडने तो काढून घेतला. वादकांच्या संघटनेशी भांडण नको म्हणून एमजीएम कंपनीने श्रेयनामावलीत 'संगीत' हा शब्दच टाळला आणि 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असं लिहिलं. संगीत नाही म्हटल्यावर संगीताच्या ऑस्करचा प्रश्नच मिटला. नामांकन मिळालं ते स्पेशल इफेक्ट्सना. बॅरन जोडीला हॉलिवूडचा एवढा मोठा सिनेमा पुन्हा मिळाला नाही.

संघटनेचं सगळंच चुकलं असंही मला म्हणवत नाही. पोटाचा प्रश्न होता. एक जोडपं आणि काही व्हॉल्व्ह अख्ख्या वाद्यवृंदाचं काम करणार असतील तर वादकांनी जायचं कुठे? आज आपल्याच धंद्यात, यंत्र कोड लिहायला लागल्यापासून, हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर रोज निघतो. पण पोटाची भीती वेगळी आणि समोरच्याच्या कामाचं नाव पुसणं वेगळं. वादकांना संरक्षण द्यायला दुसरे मार्ग निघाले असते. 'संगीत' हा शब्द खोडून एकाही वादकाला जास्त काम मिळालं असेल असं मला वाटत नाही.

असो. या संगीताची तबकडी निघायला २० वर्षं लागली, ती १९७६ मध्ये आली. लुई आणि बीबीचा घटस्फोट १९७० मध्येच झाला होता, पण दोघं १९८९ मध्ये लुई जाईपर्यंत एकत्र काम करत राहिले. बीबीने २००० साली, पंचाहत्तरीच्या घरात, संगणकावर नवी रचना केली. २००८ मध्ये तीही गेली.

सवड मिळाली तर तो जिन्याचा प्रसंग ऐका. डोळे मिटून. आणि हो, बाल्कनीचं दार आधीच लावून घ्या :)