एकट्या कॉम्प्युटरला 91 वर्षं

आज सुरुवातच एका आकड्याने करू. 8 लाख तास. 1995 साली आलेल्या ‘टॉय स्टोरी’साठी पिक्सारच्या मशिन्सनी एवढं रेंडरिंग केलं. फ्रेम होत्या 1,14,240, म्हणजे एका फ्रेममागे सरासरी सात तास. आता हेच काम एकाच मशीनवर टाकलं असतं तर? वर्षाचे तास 8,760. भागाकार करा, 91 वर्षं येतात. 1995 ला बटण दाबलं असतं तर पिक्चर 2086 ला लागला असता.

पिक्सारने काय केलं? सन कंपनीची 117 मशिन्स एका खोलीत लावली, एकमेकांना जोडली आणि रात्रंदिवस चालवली. अशा खोलीला रेंडर फार्म म्हणतात. फार्म म्हणजे शेत, आणि आपल्या गोंदियाकडे हा शब्द समजवायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात कामठ्याच्या बांध्यांमध्ये रोवणी चालू असते तेव्हा एका बांधीचं काम दुसऱ्या बांधीसाठी थांबत नाही. पऱ्हे पोचले, चिखल तयार आहे, माणसं उतरली की झालं. दहा माणसं जास्त आली तर काम तेवढं लवकर उरकतं. व्हिडिओच्या फ्रेमचंही तसंच आहे. 500 नंबरच्या फ्रेमला 499 नंबरची फ्रेम तयार झाली की नाही याच्याशी काहीच घेणं नसतं. सीनची फाइल हातात असली की कुठलंही मशीन कुठलीही फ्रेम काढू शकतं.

आता तुम्ही म्हणाल, अनेक प्रोसेसर जोडायचं काम तर आपल्या पुण्यातही झालं होतं. बरोबर! 1980 च्या दशकात भारताला अमेरिकेकडून हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर मिळाला नाही. मग 1988 साली पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. प्रमुख होते विजय भटकर, जन्म अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा, म्हणजे आपल्या विदर्भाचेच. 1991 साली ‘परम 8000’ तयार झाला. एकच महागडा प्रोसेसर नाही, तर ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक छोट्या चिप्स एकत्र जोडलेल्या.

पण इथे एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरते. परमसारख्या मशीनपुढे प्रश्न असायचे हवामानासारखे. तिथे नागपूरवरची हवा गोंदियावरच्या हवेला ढकलते. त्यामुळे प्रत्येक चिपला शेजारच्या चिपशी सतत बोलावं लागतं, आणि त्यांना बोलायला लावणं हेच खरं अवघड काम. फ्रेमना आपसात बोलायचंच नसतं. म्हणून सुपरकॉम्प्युटर बनवायला देशाची संस्था लागली, आणि रेंडर फार्म मात्र चार जुन्या पीसींवरही उभा राहतो.

साध्या पीसींवर भरवसा बसायला थोडा वेळ लागला. 1994 साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी 16 प्रोसेसर साध्या इथरनेटने जोडले. प्रोसेसर कुठले, तर 486, त्या काळी घराघरात असायचे ते. त्या क्लस्टरचं नाव बेओवुल्फ, वर लिनक्स. तीन वर्षांनी ‘टायटॅनिक’ आला. त्याच्या इफेक्ट्सचं काम करणाऱ्या डिजिटल डोमेनने 160 अल्फा मशिन्स घेतली आणि त्यातली 105 लिनक्सवर चालवली. फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, जगातल्या त्या वेळच्या सगळ्यात महागड्या पिक्चरचं काम! मला विचाराल तर त्या जहाजापेक्षा ही गोष्ट भारी आहे.

आपल्यासारख्यांसाठी मात्र महत्त्वाचं वर्ष 2002. ब्लेंडर बनवणारी कंपनी बंद पडली होती. टॉन रोझेंडाल यांनी लोकांकडून सात आठवड्यांत 1 लाख युरो जमवले आणि सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं केलं. पुढे 2006 साली ब्लेंडरवाल्यांनी ‘एलिफंट्स ड्रीम’ ही जेमतेम अकरा मिनिटांची फिल्म काढली. ती रेंडर झाली अमेरिकेतल्या बोवी स्टेट युनिव्हर्सिटीच्या क्लस्टरवर, आणि तरीही 125 दिवस लागले. हे लक्षात ठेवा. कुठल्या स्टुडिओचा फार्म नव्हता तो, एका विद्यापीठाची मशिन्स होती. सुट्टीत बंद पडलेली कॉम्प्युटर लॅब आपल्याकडेही असते की.

तर चला, कामठ्यातच एक हिशेब मांडू. दोन मिनिटांचा ॲनिमेशनचा व्हिडिओ आहे. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 3,000 फ्रेम झाल्या. चांगल्या मशीनला एका फ्रेमला 5 मिनिटं लागतात. एकट्याने करायचं तर 250 तास, म्हणजे दहा दिवसांहून जास्त. तुम्ही मित्रांकडून आणखी तीन पीसी आणले. एक तुमच्यासारखाच, एक जुना, त्याला 10 मिनिटं लागतात, आणि एक पार म्हातारा, त्याला 20 मिनिटं.

बहुतेक जण काय करतात? 3,000 भागिले 4, प्रत्येकाला 750 फ्रेम. दिसायला न्याय. पण म्हाताऱ्या पीसीला 750 फ्रेमना किती वेळ लागणार? 250 तास! चार मशिन्स गोळा केली, विजेचं बिल वाढवलं, आणि फायदा शून्य. चांगली दोन मशिन्स अडीच दिवसांत मोकळी होऊन म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणार.

आता रोवणीवाल्या बायांसारखं करा. ज्याचं हातातलं संपलं, त्याने पुढची बांधी धरायची. ताशी 12, 12, 6 आणि 3 अशा मिळून 33 फ्रेम होतात. 3,000 फ्रेमना 91 तास लागतात, चार दिवसांच्या आत काम खतम. (हो, पुन्हा 91 च आलं, पण या वेळी तास.) मोठ्या फार्मचा मॅनेजर प्रोग्राम मुळात हेच करतो. फ्रेमची रांग धरून बसतो आणि मोकळ्या मशीनला पुढचा नंबर देतो. ब्लेंडर स्टुडिओचं फ्लामेंको नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एक मशीन मॅनेजर आणि बाकीची वर्कर.

तेही नको असेल तर ब्लेंडरमध्येच एक देशी वाटावा असा जुगाड आहे. सीनची फाइल एका शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा आणि चारही मशीनवर तीच उघडा. आउटपुटचा फोल्डरही सगळ्यांना एकच द्या. मग आउटपुट सेटिंगमध्ये ‘ओव्हरराइट’ची खूण काढा आणि ‘प्लेसहोल्डर्स’ला खूण करा. प्रत्येक मशीन फ्रेम सुरू करताना त्या नंबरची रिकामी फाइल टाकून जागा धरतं. दुसरं मशीन आलं की ती फाइल बघून पुढच्या नंबरवर जातं. बसमध्ये रुमाल टाकतो तसं.

गडबड होते ती दुसरीकडेच. ब्लेंडरचं व्हर्जन चारही ठिकाणी एकच ठेवा, नाहीतर प्रकाश थोडासा वेगळा पडतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. टेक्स्चरच्या फाइली तुमच्या डी ड्राइव्हवर राहिल्या तर बाकीच्या मशीनवर सगळं गुलाबी दिसेल. वायफायपेक्षा केबल बरी. आणि कापड, धूर, पाणी यांचं सिम्युलेशन आधी एका मशीनवर बेक करून घ्या, कारण तिथे प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमवर उभी असते. हवामानाचा तोच जुना प्रश्न परत येतो बघा.

सरळ एमपी4 काढू नका. पीएनजी काढा, एका फ्रेमची एक फाइल. एमपी4 मध्ये बऱ्याच फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमच्या आधाराने साठवलेल्या असतात, म्हणून ते जोडायचं काम शेवटी एकाच मशीनवर करायचं. त्याला फार वेळ लागत नाही.

मध्येच लाइट गेली तर? झालेल्या पीएनजी कुठे जात नाहीत. फक्त ज्या फ्रेम अर्धवट होत्या त्यांच्या रिकाम्या फाइली फोल्डरमध्ये रुमाल टाकून बसलेल्या राहतात आणि कोणीच त्या नंबरला हात लावत नाही. फोल्डर साइझप्रमाणे लावा, शून्य केबीवाल्या डिलीट करा आणि चारही मशीनवर पुन्हा रेंडर दाबा.