राधानगरीचें दार आणि समुद्रांतील विहीर

भोगावती नदीवरील राधानगरीच्या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. राजर्षि शाहू महाराजांनीं आरंभिलेल्या या धरणाचा जलाशय तुडुंब भरला कीं पाण्याच्या भारानेंच दार उघडतें, आणि एका दारांतून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी नदींत पडूं लागतें. पावसाळ्यांत कोल्हापूरकर एकमेकांस "आज किती दारें उघडलीं?" असें विचारतात, तें उगीच नव्हे. पंचगंगेच्या पुराचा अंदाज त्यावरच बांधावयाचा असतो. परंतु दार ओळखतें तें केवळ जलाशयाची पातळी. खालीं पंचगंगा पात्राबाहेर गेली आहे कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें. आपोआप चालणें निराळें आणि जाणून चालणें निराळें. हा भेद तेलाच्या धंद्यास फार मोल देऊन शिकावा लागला.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखालीं, 'मुंबई हाय' हें तेलक्षेत्र आहे. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाच्या 'सागर सम्राट'नें १९७४ च्या फेब्रुवारींत तेथें तेलाचा ठाव लावला आणि १९७६ च्या मे महिन्यांत उत्पादनास प्रारंभ झाला. पुढील दहाएक वर्षांत तें वर्षास सुमारे २ कोटी टनांपर्यंत चढलें. नंतर मात्र त्यास उतार लागला.

उताराचें कारण भूगर्भांतच असतें. आरंभीं तेल स्वतःच्या दाबानें वर येतें. उपसा वाढला कीं दाब घटतो आणि तेलाबरोबर पाणी येऊं लागतें. मग खडकांत बाहेरून पाणी घालून दाब राखावा लागतो, आणि विहिरीच्या नळींत वायू सोडून आंतील तेलाचा स्तंभ हलका करावा लागतो. वायू कमी पडला तर विहीर मंदावते, अधिक झाला तर व्यर्थ जातो. प्रत्येक विहिरीचें माप वेगळें, आणि तेंही नित्य बदलणारें.

हें माप पूर्वीं घेत तरी कसें? एकेक विहीर पाळीपाळीनें चाचणीच्या टाकीकडे वळवावयाची आणि तेल, पाणी व वायू निरनिराळे मोजावयाचे. कित्येक विहिरी मनुष्यवस्ती नसलेल्या फलाटांवर. तेथें होडीनें किंवा हेलिकॉप्टरनें जावें लागे, आणि पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं तेंही अडे. दोन मापांच्या मध्यंतरीं विहीर मंदावली, तर तितक्या दिवसांचें तेल हातचें जाई.

डिजिटल पद्धतीनें बदल घडविला तो येथें. विहिरीच्या तोंडाशीं बसविलेलीं उपकरणें दाब व उष्णता अखंड टिपतात, ते आंकडे संदेशवहनानें दूरच्या कक्षांत पोंचतात आणि झडपही तेथूनच फिरवितां येते. 'स्काडा' नांवाची ही व्यवस्था ओएनजीसीनें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आपल्या क्षेत्रांवर आणली. तिच्या जोडीला संगणकावर खडकाची प्रतिकृति उभारून, कोठें नवी विहीर खणावी याचा अदमास घेतां येऊं लागला.

तथापि उपकरणांनीं सर्व संकटें टळत नाहींत. २७ जुलै २००५ रोजीं खवळलेल्या समुद्रांत एक जहाज मुंबई हायच्या उत्तर फलाटावर आदळलें. वायूची नळी फुटून भडका उडाला. २२ माणसें गेलीं आणि फलाट नष्ट झाला. नळींतील दाब मोजणारें उपकरण जहाजास दूर लोटूं शकत नाहीं. तें काम माणसाच्या सावधगिरीचेंच.

शिवाय आंकडा आला म्हणजे ज्ञान आलें असें नव्हे. उपकरण बिघडलें तरी आंकडा येतच राहतो, आणि तो संगणकास खराच वाटतो. खोटा कोणता हें ओळखण्यास त्या विहिरीचा स्वभाव जाणणारा अभियंता लागतो. जानेवारी २०२५ मध्यें ओएनजीसीनें मुंबई हायसाठीं बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक साहाय्याकरितां निवड केली. म्हणजे पन्नास वर्षांच्या अनुभवानंतरही या क्षेत्राचें शिक्षण संपलेलें नाहीं. यंत्रानें दूरची विहीर जवळ आणली. तिची नाडी ओळखण्याचें काम मात्र माणसाकडेच राहिलें आहे.