मुलांच्या हाती गाडीची किल्ली देण्यापूर्वी

क्लास लांब आहे म्हणून दहावी-अकरावीतल्या मुलांना स्कूटर दिली जाते. पण 16 व्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी. घरातली नेहमीची स्कूटर त्याहून मोठी असते. तिला 18 वर्षे पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केल्यास पालकांना किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडी चालवता येणे आणि धोका ओळखता येणे यांत फरक आहे. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत विकसित होत राहतो. त्यामुळे परवाना मिळाल्यावरही शिकवणे थांबवू नका.

मुलांना काय सांगाल?

- ताशी 54 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला 15 मीटर जाते. दोन सेकंद मोबाइल पाहिला, तर 30 मीटर रस्ता न पाहताच गेला.
- हेल्मेट आयएसआय चिन्हाचे हवे आणि पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच.
- तुम्ही स्वतः सिग्नल पाळा. मुले तेच पाहून शिकतात.

पडल्यास

डोक्याला मार लागल्यानंतर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास, बाहेरून जखम नसली तरी, ताबडतोब रुग्णालयात न्या किंवा 108 वर फोन करा. ओरडा बसेल या भीतीने मुले पडल्याचे लपवतात आणि उपचाराचा वेळ निघून जातो. म्हणून आजच सांगून ठेवा: “पडलास तर आधी आम्हाला सांग, गाडीचं नंतर बघू.”